टिकलीवरच्या चर्चा आणि रनडाउनवरचा हात

मंत्रालयात बाइट घेणं म्हणजे काय, ते घरी बसून कळत नाही. नेता बाहेर आला की सगळे बूम माइक एकदम पुढे घुसतात. मागून कॅमेरामन रेटतो, शेजारच्याचं कोपर बरगडीत बसतं आणि तेवढ्यात कानात डेस्कवरून कुणीतरी विचारत असतं, ‘लाइव्ह घेऊ का?’ या झोंबाझोंबीत आपला प्रश्न रेटून नेणं हेच रिपोर्टरचं कसब.

नोव्हेंबर २०२२ मध्ये याच मंत्रालयात शिवप्रतिष्ठान हिंदुस्थानचे संभाजी भिडे तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांना भेटून बाहेर पडले. एका महिला पत्रकाराने भेटीबद्दल विचारलं. आधी टिकली लाव, मग बोलतो, असं तिला सुनावून ते निघून गेले. राज्य महिला आयोगाने नोटीस काढली. चॅनेलांवर चर्चा झडल्या, त्या टिकलीवर. भेट कशासाठी होती, हा प्रश्न ज्याने त्याने सोडून दिला. माझं भांडण भिड्यांइतकंच त्या चर्चांशीही आहे.

बातमी सांगणारी बाई आधी न्याहाळायची आणि मग ऐकायची, ही सवय आपल्याला जुनीच. मुंबई दूरदर्शनवर स्मिता पाटील बातम्या वाचायच्या, तेव्हा जीन्सवरच साडी गुंडाळून बसायच्या, हा किस्सा अजून चवीने सांगितला जातो. चौकटीत दिसतं तेवढंच सजवायचं, हे त्यांना बरोबर कळलं होतं! वृत्तनिवेदिका सलमा सुलतान म्हटलं की केसांतला गुलाब आठवतो. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी दूरदर्शनवरून त्यांनीच दिली होती. गोळ्या सकाळी झाडल्या गेल्या, बातमी संध्याकाळी आली. ती इतका वेळ थोपवायची, हे निवेदिकेने थोडंच ठरवलं होतं? तिच्या वाट्याला फक्त आवाज न कापू देता वाचणं आलं.

अमेरिकेत तर हे कोर्टात गेलं. कॅन्सस सिटीच्या एका वाहिनीने १९८१ मध्ये ख्रिस्टीन क्राफ्टला अँकरपदावरून काढलं. वय जास्त, दिसायला बेताची आणि पुरुषांपुढे पुरेशी नमून न वागणारी, अशी कारणं आपल्याला सांगितली गेली, असं तिचं म्हणणं. वाहिनीने ते नाकारलं. तेव्हा ती छत्तिशीत होती. १९८३ मध्ये ज्युरीने पाच लाख डॉलर भरपाई दिली, ती पुढे टिकली नाही आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. ते ऐकावं असं मत नोंदवलं एकट्या सँड्रा डे ओकॉनर यांनी, म्हणजे त्या खंडपीठावरच्या एकमेव बाईने.

आपल्याकडे २००७ पासून मराठीत चोवीस तास बातम्या सुरू झाल्या आणि मुली पुरात, मोर्चात, कोर्टाबाहेर बूम घेऊन उभ्या राहिल्या. दिवसभर लाइव्ह आणि जवळपास धड स्वच्छतागृह नाही, म्हणून पाणीच कमी प्यायचं, हे त्यांनी निमूटपणे अंगवळणी पाडून घेतलं. अँकरच्या खुर्चीतही त्या दिसतात. पण पुरुष अँकरचे केस पांढरे झाले की त्याला वजन येतं. बाईचे झाले की मेकअप रूममध्ये कुजबुज सुरू होते.

खरी मेख पडद्यामागे आहे. कोणती बातमी पहिली, कोणती तिसऱ्या ब्रेकनंतर, ओबी व्हॅन कुठे पाठवायची, राजकारणाची बीट कुणाला आणि ‘सॉफ्ट स्टोरी’ कुणाला, हे असाइनमेंट आणि आउटपुटच्या टेबलावर ठरतं. आठ मार्चला अख्खं बुलेटिन महिलांच्या हाती सोपवून गुलाबी ग्राफिक्स लावण्याची हौस चॅनेलांनी खुशाल भागवावी. मला निवडणूक निकालाच्या दिवसाचं कुतूहल आहे. त्या पहाटे रनडाउन, म्हणजे बातम्यांचा क्रम, कोण लावतं, कुणाच्या शब्दावर तो बदलतो आणि त्या दिवशी कामावर असलेल्या किती जणींना रात्री घरी सोडायला गाडी असते, एवढं एखाद्या संपादकाने जाहीर सांगावं.