कस्तुरी आणि धूर

कारंज्याचा माणूस परगावी गेला आणि कुणी गावाविषयी विचारले, की तो दोन गोष्टी हमखास सांगतो. एक, हे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. दुसरी, कस्तुरीच्या हवेलीची. म्हणे, एक व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून गावोगाव हिंडत होता. एवढा माल घेणारा त्याला कुठेच भेटेना. शेवटी कारंज्याच्या एका सावकाराने सगळी कस्तुरी विकत घेतली आणि बांधकाम चालू असलेल्या हवेलीच्या गाऱ्यात कालवून टाकली! ही दंतकथा असेल. पण गावाची ऐट तिच्यात पुरेपूर उतरली आहे.

मला मात्र प्रश्न पडतो, गावाचा वास तो हाच का?

मी रोज खेड्यातून एस.टी.ने कॉलेजला येते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. पहाटे उठून चूल पेटवते, भाकरी थापते आणि मग गाडी गाठते. तुराट्या-पऱ्हाट्यांचा धूर केसांत, ओढणीत, वहीच्या पानांतसुद्धा बसतो. पहिल्या वर्षी बाकावरच्या एका मुलीने नाकाला रुमाल लावला आणि ती पलीकडे सरकली. बोलली काहीच नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी ओढणी दोनदा धुतली. माय म्हणाली, "वास येते त येऊ दे वं बाई. धुपट निंगते म्हंजे घरात शिजून राह्यलं."

यंदा अत्तरांविषयी वाचताना एक गंमत कळली. रेई कावाकुबो या जपानी बाईंच्या कॉम दे गार्सों या कंपनीने 2002 साली धुपाच्या वासाची पाच अत्तरे काढली आणि त्यांना गावांची नावे दिली. आव्हिन्यों, क्योतो, झागोर्स्क, वारझाझात आणि आपले जैसलमेर! म्हणजे फुलांचा नव्हे, धुराचा वास लोक हौसेने पैसे मोजून अंगाला लावतात. आपल्याकडेही कनौजचे अत्तरवाले भाजलेली माती तांब्याच्या देगीत घालून तिचा वास चंदनाच्या तेलात उतरवतात. साधी माती, पण तिचे अत्तर होते.

मग माझ्या ओढणीने काय पाप केले? धूर देवळातला असला की सुगंध, बाटलीतला असला की शौक, आणि चुलीतला असला की नुसता वास! मित्रहो, हा फरक नाकाने केलेला नाही. तो धूर कुणाच्या अंगावर आहे, हे पाहून केलेला आहे.

गैरसमज नको. मी धुराची आरती ओवाळीत नाही. मायचे डोळे बाराही महिने लाल असतात, खोकला पाठ सोडत नाही. सिलिंडर घरात आहे, पण तो भरून आणायचा म्हणजे सोयाबीन विकेपर्यंत थांबावे लागते. हा धूर तिच्या डोळ्यांतून जावा, असे मला मनापासून वाटते. पण तो जाईपर्यंत त्याची लाज मी का बाळगावी?

कारंज्याला धूर काही परका नाही. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची आपली शकुंतला 1994 पर्यंत कोळशाच्या इंजिनावर धावत होती. नंतर डिझेल आले, आणि आता तर गाडीही बंद आहे. आजोबा अजून सांगतात, गाडी येऊन गेली की सदऱ्याला कोळशाचा वास यायचा. तो सांगताना त्यांचा चेहरा उजळतो. त्यांना त्या वासाची लाज वाटलेली मी कधी पाहिली नाही.

उद्या कुणी कारंज्याचे अत्तर काढलेच, तर त्यात कस्तुरी खुशाल घालावी. पण ती हिमालयाकडची, उंटावरून आलेली, एका सावकाराच्या भिंतीत मुरलेली. तिच्यासोबत गुरुमंदिरातला धूप, शकुंतलेचा कोळसा आणि पहाटेच्या तुराट्याही असाव्यात. त्याशिवाय ते अख्ख्या गावाचे अत्तर होणार नाही, फक्त हवेलीचे होईल.

आणि बाकावरच्या मैत्रिणींना एकच विनंती. नाकाला रुमाल लावण्याआधी एकदा विचारावे, "आज चूल किती वाजता पेटवलीस?"