कमानीखालची वाट

मुंबईच्या फोर्ट विभागातील दादाभाई नौरोजी रस्त्याची थोरवी सांगताना आपण हटकून माना वर करतो. गॉथिक वळणाचे मनोरे, अभिजात धाटणीचे स्तंभ, कुठे घुमट, कुठे कोरीव सज्जे. माझ्या मते या रस्त्याचे खरे वैशिष्ट्य चालणाऱ्याच्या पायांशी आहे. हा हॉर्नबी रोड होता तेव्हा, १८९६ साली, सरकारी नियमाने येथील इमारतींना तळमजल्यावर कमानींखालून सलग पादचारी मार्ग ठेवणे बंधनकारक केले. वरच्या मजल्यांवर मालकाने आपली हौस आणि ऐपत हव्या त्या शैलीत मिरवावी. खालची सावली मात्र सर्वांची. शैलींची एवढी सरमिसळ असूनही रस्ता एकसंध भासतो तो या सक्तीमुळे. ती पेढीवाल्यांनाही सोयीचीच ठरली असणार. पाऊस चुकवीत रेंगाळणाराच दुकानाच्या काचेशी थांबतो.

हे सारे टिकले ते आपल्या वारसाप्रेमामुळे, असे म्हणणे सुखद असले तरी ते अर्धसत्य आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकले. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला पागडीची जागा सोडवेना. गळकी छते आणि पिढीजात दुकाने ही एकाच कायद्याची अपत्ये होत. मुंबईची वारसा नियमावली आली १९९५ साली, म्हणजे जवळजवळ अर्धे शतक उलटल्यावर. पुढे १९९९ च्या नव्या कायद्याने बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी वा त्याहून अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या यांचे संरक्षण काढून घेतले. ते न्याय्यच होते. गडगंज भाडेकरूने नाममात्र भाड्यात राहावे यात कसला आला वारसा? परंतु त्यामुळे एक प्रश्न उघडा पडला. भिंत राखायला नियम आहे. भिंतीआडचा उद्योग राखायला काय आहे?

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे निराळे सांगायला नको. अरुण कोलटकर ज्या 'वेसाइड इन'मध्ये बसत, ते उपाहारगृह गेले. २००४ साली आलेल्या 'काळा घोडा पोएम्स'मधला चौक नकाशावर जागच्या जागी आहे. १९४८ पासूनचे 'स्ट्रँड बुक स्टॉल' २०१८ साली बंद झाले. अशा बंद होण्याची कारणे निरनिराळी असतात, आणि प्रत्येक दुकान कायद्याने जगवता येत नाही हे मलाही मान्य आहे. तोट्यातला पुस्तकविक्रेता वारसा म्हणून काचेत ठेवणे ही क्रूर थट्टा होईल.

कमानीखालच्या वाटेचे मात्र तसे नाही. ती कोणा एकाचा धंदा नव्हे. फेरीवाल्यांमुळे चालायला जागा उरत नाही ही तक्रार खरी आहे. पण जीर्णोद्धारानंतर तीच जागा कुंड्या, साखळ्या आणि पहारेकरी यांनी अडवली, तर १८९६ च्या नियमाचा भंग अधिक सभ्यपणे झाला एवढेच. दर्शनी भागाच्या दुरुस्तीला परवानगी देताना दगडाच्या रंगाची, फलकाच्या अक्षरांची चौकशी होते. त्याच अर्जात आणखी दोन रकाने असावेत: कमानीखालची किती रुंदी कोणालाही, कोणत्याही वेळी, न विचारता चालण्यासाठी मोकळी राहील; आणि खांबालगत जुनी पुस्तके वा घड्याळाचे पट्टे विकणाऱ्याला परवान्यासह किती हात जागा मिळेल.

दुसरा रकाना वास्तुतज्ज्ञांना बहुधा खटकेल. पहिल्याला हरकत घेणाऱ्यांनी हॉर्नबी रोडचा नियम पुन्हा वाचावा.