ट्रॅक्टरच्या बॅटरीचा नियम लॅपटॉपला लावू नका



उसाच्या बिलातून पोराला-पोरीला लॅपटॉप घेऊन देणारी घरे आता गावोगावी आहेत. पैसा कष्टाचा, तेव्हा वस्तू टिकली पाहिजे. पण होते काय, की आपण वडीलधारी माणसे आपल्या माहितीतला नियम सांगतो आणि तोच बॅटरीच्या मुळावर येतो.

ट्रॅक्टरची बॅटरी शिसे व आम्लाची. ती उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो व बॅटरी बाद होते. म्हणून ती कायम भरलेली ठेवायची, हे खरेच. पूर्वीच्या निकेल-कॅडमियम सेलचा नियम उलटा, अधूनमधून पुरता उतरवा आणि मग भरा. लॅपटॉपची बॅटरी मात्र लिथियम-आयन जातीची. ही जात १९९१ साली बाजारात आली. तिला अगदी रिकामे राहणे सोसत नाही, तसेच दिवसरात्र शंभर टक्के भरून राहणेही सोसत नाही.

मग करावे काय? रोजच्या वापरात २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. मधेच अर्धा तास वीज आली आणि तेवढ्यात लावली, तर काही बिघडत नाही. जे वायर लावूनच काम करतात त्यांनी ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय चालू करावी. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत ती असते. वीज जाणार असेल, परीक्षा असेल, तर खुशाल पूर्ण भरा. बॅटरी आपल्यासाठी आहे, आपण बॅटरीसाठी नाही. महिना-दोन महिने वापर नसेल तर निम्मी भरून, बंद करून गार जागी ठेवावी.

खरा शत्रू उष्णता. तोडलेला ऊस उन्हात पडला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बॅटरीचंही तसंच. गादीवर, गोधडीवर ठेवून चार्ज केला की हवा कोंडते. मे महिन्यात बंद गाडीत राहिला की बॅटरीचे आयुष्य फुकट जाते, आणि गेलेली ताकद परत येत नाही.

एक गोष्ट जिवाची आहे. बॅटरी फुगली, लॅपटॉपचा तळ उचलला, तर चार्जिंग ताबडतोब बंद करा. दाबू नका, टोचू नका, ती पेट घेऊ शकते. जाणत्या कारागिराकडून काढून घ्या. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका. २०२२ च्या नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

आमचे मत इतकेच, की नुसतं "चार्जिंग काढ" म्हणून पोरांवर ओरडून भागत नाही. बेणे घेताना आपण दहा प्रश्न विचारतो. तसेच लॅपटॉप घेताना दुकानदाराला विचारा, बॅटरीची हमी किती, बदलून मिळते का, खर्च किती? उत्तर मिळाल्याशिवाय पैसे मोजू नका.