शेवटच्या हप्त्यानंतर

बँकेत असताना कर्जाच्या अर्जावर मी एक प्रश्न हमखास विचारी : यंत्र येईल, पण पुढे दुरुस्तीचा खर्च कोण करणार? अनुदानावर चालणाऱ्या दवाखान्यांनाही हाच प्रश्न विचारायला हवा.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि हैदराबाद, पुणे व आपल्या शेजारच्या कल्याणचे तृतीयपंथीयांसाठीचे ‘मित्र’ दवाखाने बंद पडले. तिथे सन्मानाने वागवले जाई, म्हणून लोक येत. एचआयव्हीचे औषध तर जन्मभर घ्यावे लागते!

आमच्या बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत परप्रांतांतले कितीतरी कामगार आहेत. ठेकेदार बदलला, खोली बदलली, की क्षयाचा उपचार अर्धवट सुटतो. त्यांना शोधत जाणारा आरोग्यसेवक प्रकल्पाच्या मुदतीपुरता नेमून कसे चालेल?

अनुदान घेऊच नये, असे नव्हे. गेट्स प्रतिष्ठानने २००३ मध्ये सुरू केलेला ‘आवाहन’ हा एचआयव्ही प्रतिबंधाचा कार्यक्रम महाराष्ट्रासह सहा राज्यांत चालला आणि पुढे टप्प्याटप्प्याने सरकारकडे सोपवला गेला. तीच रीत हवी. पहिला हप्ता स्वीकारतानाच सरकारने आणि पालिकांनी शेवटच्या हप्त्यानंतरची तरतूद लिहून द्यावी. मुदत ठेवीला असते, आजाराला नसते.