आधी ट्रंक उघडा

दिवाळीच्या आवराआवरीत आपल्याकडे सगळ्यात आधी घराबाहेर जातो तो जुना कागद. ही गोष्ट वर्षभर आमच्या मनाला टोचत राहिली. मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्याला ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्ष झाले. भाषणे झाली, दोन हजार वर्षांचे पुरावे अभिमानाने सांगून झाले. आजोबांनी आघाडीवरून आजीसाठी लिहिलेली पत्रे मात्र किलोच्या भावाने रद्दीत जातच राहिली. ऑगस्टात मुखेड तालुक्यात पाणी घरांत शिरले, सप्टेंबरच्या अतिवृष्टीने सोयाबीन नेले, टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केले. २०२५ सालाबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ आहे. आम्ही मात्र हा अंक सैनिकांच्या पत्रांना दिला आहे.

डिसेंबर १९१५. पहिल्या महायुद्धात, इराकमध्ये तैग्रिस नदीच्या वळणावर, कूत-अल-अमारा गावात सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. सुटकेसाठी निघालेली फौज पोचू शकली नाही. शिधा घटत गेला, घोडे कापावे लागले. ते मांस खायला आपल्या कित्येक जवानांनी बरेच दिवस नकार दिला. शेवटी विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली, तीही पुरली नाहीत. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली आणि वाळवंटातून चालवत नेलेल्यांपैकी हजारो परतली नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज शिपायांची नावे कोरली, आपल्या साध्या शिपायांचे मात्र पलटणवार नुसते आकडे.

ज्याचे नाव दगडावरही आले नाही, त्याची खूण घरच्या कागदावरच उरणार. त्या काळी बायकोच्या नावाने पत्र धाडायची रीत बहुतेक घरांत नव्हती. पत्र वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावाने यायचे, मास्तर ते ओसरीवर वाचायचे आणि ती दाराआडून ऐकायची. पेरणी झाली का, मनिऑर्डर पोचली का, सावकाराचे किती फिटले, या चौकशीत तिच्यासाठीचा निरोप असायचा. फ्रान्समध्ये लढलेल्या आपल्या सैनिकांच्या पत्रांचे उतारे आज वाचता येतात ते टपाल तपासणाऱ्या सेन्सॉर अधिकाऱ्यांमुळे. त्यांनी ते इंग्रजीत उतरवले आणि ते लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. संशयापोटी केलेली नोंद टिकली आणि मायेने जपलेला कागद आपण हरवला, याची आम्हाला लाज वाटते.

हे दुखणे जुने आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगिरावर जिंकलेली मराठ्यांची फौज परतूरहून उत्तरेला निघाली आणि पानिपतावर अन्नावाचून कोंडली गेली. इतिहासकार राजवाड्यांनी १८९८ साली त्या काळची पत्रे छापली म्हणून सरदारांची तगमग आपल्याला कळते. साध्या बारगिराच्या घरी काय निरोप गेला, हे कसे कळणार?

निजामाच्या राज्यात असल्यापासून आपल्या मराठवाड्यातली माणसे पलटणीत गेली, आजही जातात. १९६२, १९६५, १९७१ आणि कारगिलच्या लढाईतली पत्रे अजून कुठे पत्र्याच्या ट्रंकेत, कुठे लुगड्याच्या घडीत असतील. किल्लारीच्या भूकंपाने ढिगाऱ्याखाली काय काय गाडले, हे आपण १९९३ साली पाहिले. निसर्गापुढे इलाज नसतो. भंगारवाल्याला नाही म्हणणे तर आपल्या हातात आहे!

म्हणून या दिवाळीत आधी ट्रंक उघडा. पत्र सापडले तर पाकीटही ठेवा, कारण टपालाचा शिक्का आणि पलटणीचा पत्ता त्यावरच असतो. कागद मोडी लिपीत असेल तर जाणकार गाठा. आजी असेल तर तिच्यासमोर वाचा, ती जे सांगेल ते टिपून ठेवा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी गावोगावी जाऊन या पत्रांच्या प्रती करून घ्याव्यात, अशी आमची जाहीर मागणी आहे. मूळ कागद घरीच राहावा आणि कोणता मजकूर झाकायचा, हे त्या घरातल्या बाईने ठरवावे. जवानाच्या नावाने चौकात कमान उभारायला आपण तत्पर असतो. त्याने घरी काय लिहिले, ते वाचायची तयारी आता दाखवू या.