विलंबाचें बालंट

‘कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड’ हा ल्युसिंडा विल्यम्स या अमेरिकन गायिकेचा अल्बम ३० जून १९९८ रोजीं प्रसिद्ध झाला. त्यांतील गाणीं तिनें स्वतःच रचलेलीं. एक तेवढें परक्याचें. ‘व्हिलेज व्हॉइस’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकानें टीकाकारांचा कौल घेऊन त्या वर्षींची जी क्रमवारी लावली तींत त्यास पहिलें स्थान मिळालें. पुढल्या वर्षीं ग्रॅमी पारितोषिकहि लाभलें. इतका मानमरातब झालेल्या अल्बमच्या बाबतींत टीकाकारांनीं अन्याय केला असें आम्ही म्हणूं लागलों, तर वाचक आम्हांस वेड्यांत काढतील. तरी आमचें म्हणणें तेंच आहे.

अन्याय झाला तो ही गाणीं घडविणारीवर. तिचा याआधींचा अल्बम १९९२ चा. मध्यें सहा वर्षें गेलीं. या सहा वर्षांचा असा बोभाटा झाला कीं त्यापुढें गाण्यांची चर्चा मागें पडली. १९९७ सालीं, अल्बम अद्याप बाहेर पडावयाचा असतांना, ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रविवारच्या पुरवणींत तिच्यावर लांबलचक लेख आला. स्टुडिओंत ती कशी घुटमळते, मनाजोगें होत नाहीं म्हणून कशी तळमळते, याचें त्यांत बारकाईनें चित्र होतें. परिपूर्णतेनें पछाडलेली बाई हें बिरुद तिला चिकटलें तें कायमचें. पुढें स्तुति करणारेहि आपली स्तुति त्याच खुंटीस टांगूं लागले: बाई विक्षिप्त खरी, पण वस्तु मात्र काय निपजली!

घडलें तें असें. १९९५ मध्यें टेक्सासांतील ऑस्टिन शहरीं, तिचा जुना साथीदार गर्फ मॉर्लिक्स याच्या देखरेखीखालीं, हीं गाणीं मुद्रित होऊं लागलीं. त्याच सुमारास स्टीव्ह अर्ल याच्या एका गाण्यांत तिनें साथ केली, आणि तेथें आपला आवाज जसा उमटला तसा तो आपल्या स्वतःच्या मुद्रणांत नाहीं असें तिला वाटलें. मग नॅशव्हिल येथें अर्ल व रे केनेडी यांजबरोबर सारें काम नव्यानें आरंभलें. आणि शेवटीं लॉस एंजेलिस येथें रॉय बिटन याच्या साह्यानें तें तडीस गेलें. मॉर्लिक्सची कित्येक वर्षांची सोबत यांत तुटली. ती हानि लहान नव्हती, आणि त्या दिवसांत बाईशीं जमवून घेणें सोपें होतें असेंहि आम्ही म्हणत नाहीं. परंतु आपला आवाज आपल्याच कानाला खोटा लागतो म्हणून तो पुन्हां मुद्रित करणें, हें गायकाचें कर्तव्य कीं दुखणें?

गंमत अशी, कीं हाच रॉय बिटन ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या १९७५ च्या ‘बॉर्न टु रन’ या अल्बममध्यें पियानो वाजविणारा. त्या अल्बमच्या एकट्या शीर्षकगीतावर स्प्रिंगस्टीन सहा महिने खपला. ही कथा आजहि सांगितली जाते ती ध्यासाची कथा म्हणून, कौतुकानें मान डोलावीत. पुरुषानें एका गाण्याशीं सहा महिने झुंज घेतली तर ती तपश्चर्या, आणि बाईनें घेतली कीं लागलीच तिची नाडी पाहावयास वैद्य धांवले! तिचे वडील मिलर विल्यम्स हे कवि. १९९७ च्याच जानेवारींत अध्यक्ष क्लिंटन यांच्या दुसऱ्या शपथविधीच्या समारंभांत त्यांनीं आपली कविता वाचली होती. कवीनें एक ओळ दहादां खोडली म्हणून त्याच्या मनःस्वास्थ्याची चौकशी झाल्याचें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं.

शिवाय तीं सहा वर्षें सर्वस्वीं तिच्याच खातीं मांडण्याजोगीं नाहींत. तिचें संगीत रूट्स रॉक, म्हणजे ब्लूज, कंट्री व दक्षिणेकडील लोकगीतें यांच्या मुळांवर वाढलेलें रॉक. लॉस एंजेलिसवाले म्हणत, हें फार कंट्री आहे. नॅशव्हिलवाले म्हणत, हें फार रॉक आहे. १९८० नंतर यामुळें तिला पुढचा अल्बम काढण्यास आठ वर्षें लागलीं, आणि तोहि काढला रफ ट्रेड या मूळच्या ब्रिटिश कंपनीनें. ती १९९१ मध्यें बुडाली. आरसीए या बड्या कंपनीस तिचीं गाणीं आपल्या पद्धतीनें मिसळून हवीं होतीं, म्हणून तिनें ती सोडली. १९९२ चा अल्बम काढणाऱ्या कॅमेलियननें वर्षभरांत दुकान आवरलें. पुढें ‘कार व्हील्स’चें काम अमेरिकन रेकॉर्डिंग्ज या कंपनीसाठीं सुरू झालें आणि बाजारांत आणलें तें मर्क्युरीनें. या कंपन्यांच्या स्वभावदोषांवर कोणी रविवारची पुरवणी खर्चीं घातली नाहीं. आणि ज्या बाईच्या हातून काम सुटतच नाहीं असें ठरविलें होतें, तिचे पुढचे दोन अल्बम २००१ व २००३ सालीं बाहेर पडले!

या साऱ्या गलबल्यांत हरवलें तें खुद्द शीर्षकगीत. खडीच्या रस्त्यावरून मोटार चालली आहे आणि एक लहान मूल मोठ्यांचीं बोलणीं ऐकत आहे. मोठ्यांना वाटतें, याला काय कळतें! मिलर विल्यम्स यांना प्राध्यापकी निमित्तानें गांवोगांव बिऱ्हाड हलवावें लागे, आणि आईला मानसिक आजार होता. कवयित्री स्वतः सांगते कीं, वडिलांनीं हें गाणें प्रथम ऐकलें तेव्हां ते तिच्यापाशीं आले आणि त्यांनीं तिची क्षमा मागितली. त्या मागच्या बांकावरच्या मुलाच्या जागीं आपणच आहों, हें गाणें लिहितांना तिच्या ध्यानींहि आलें नव्हतें. बापानें तें पहिल्याच ऐकण्यांत ओळखलें.