वहीची पूजा आणि वहीचा हिशेब

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या पेठेतले व्यापारी नवी चोपडी पाटावर मांडतात, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढतात, फूल वाहतात आणि मग ती लाल फडक्यात गुंडाळून ठेवतात. व्यापाऱ्याने तसे खुशाल करावे. चोपडी त्याची, पैसाही त्याचा. परंतु जी संस्था दुसऱ्याच्या पैशावर आणि दुसऱ्याच्या नावाने चालते, तिनेही आपली वही अशीच बांधून ठेवावी, हे मला मुळीच मान्य नाही. आणि ती वही जर साऱ्या जगाच्या इंटरनेटची असेल, तर फराळाचे ताट क्षणभर बाजूला सारून दोन शब्द बोलणे मला भाग आहे.

मी एक शाळामास्तर, मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही; कादंबऱ्या लिहितो तो भाग निराळा. इंटरनेटच्या पोटातली यंत्रविद्या मला कळत नाही. पण वही कळते. इंटरनेट कोणाच्याच मालकीचे नाही असे आपण नेहमी ऐकतो, आणि ते खरेही आहे. गावची जमीन तरी तलाठ्याच्या मालकीची कुठे असते? पण सातबारा त्याच्या हाती असतो. आणि सातबारा ज्याच्या हाती, त्याच्या ओटीवर किती ऊठबस असते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. इंटरनेटचाही असाच सातबारा आहे. कोणते नाव कोणाचे आणि कोणत्या यंत्राचा आकडी पत्ता कोणता, ह्याच्या त्या नोंदी. नावांचा कारभार पाहणारी सर्वांत मोठी संस्था म्हणजे आयकॅन. १९९८ साली अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात ती स्थापन झाली, आणि नफा कमावणे हा तिचा उद्देश नाही. आपल्या देशात 'निक्सी' ही २००३ साली निघालेली, तशीच नफा न वाटणारी कंपनी आहे. नावाच्या शेवटी येणारे '.इन' तिच्याकडे, आणि २०१४ च्या ऑगस्टात देवनागरी लिपीत सुरू झालेले '.भारत' हेही तिच्याचकडे. मराठी माणसाला आपल्या दुकानाचा पत्ता आपल्याच अक्षरांत लिहिता येतो तो त्या वहीमुळे.

ह्या लोकांना आपण निवडून दिलेले नाही. आयकॅनच्या कारभारावर अमेरिकन सरकारचा करारापुरता हात होता. तोही २०१६ च्या १ ऑक्टोबरला सुटला. झाले ते बरेच झाले, एका सरकारच्या मुठीत जगाची वही नको. पण मग विचारणारे उरले कोण? उरलो आपण. आणि हजारो कोसांवर बसलेल्या संस्थेला विचारायचे, तर आपल्या हाती साधन एकच, तिचा वार्षिक अहवाल. पैसा तर आपण मोजतोच. '.कॉम'सारख्या आडनावाचे नाव कोणी एका वर्षासाठी घेतले की नोंदणी करणाऱ्या दुकानदाराकडून आयकॅनला काही सेंट जातात. कित्येक वर्षे हा दर अठरा सेंट होता. चिल्लरच ती! पण थेंबाथेंबाने संस्थेचे वर्षाचे उत्पन्न चौदा-पंधरा कोटी डॉलरांच्या घरात गेले आहे.

"तांत्रिक विषय आहे, तुम्हाला त्यातले काय समजणार?" हे उत्तर मला पाठ आहे. आमच्या ह्या किनाऱ्याला तर ते फारच जुने. अलिबागेजवळच्या चरी गावच्या कुळांनी १९३३ साली संप पुकारला आणि नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली सहा वर्षे शेते पडीक ठेवली. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. भात मोजून घालायचे कुळाने आणि वही राहायची खोताच्या घरी, हीच त्या काळची रीत. त्या कुळांपैकी कितीजणांना अक्षरओळख होती? पण आपण घातले किती आणि लिहिले गेले किती, हा प्रश्न विचारायला अक्षरओळख लागत नाही. ज्याचे भात, त्याला तो हक्क आपोआपच येतो. ह्याच जिल्ह्यात, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख पुढे देशाचे अर्थमंत्री झाले, आणि १९५६ चा कंपनी कायदा त्यांनीच संसदेतून पार नेला. भागधारकांपुढे दरसाल ताळेबंद ठेवण्याची सक्ती त्या कायद्यात आहे. तो आता जाऊन २०१३ चा आला, पण ती सक्ती राहिली.

आता खरा मुद्दा वेळेचा. अहवाल निघतो हो, नाही असे नाही! पण केव्हा? मी एका पतसंस्थेचा सभासद आहे. नाव सांगत नाही, कारण ह्या बाबतीत ती काही एकटी नाही. एका वर्षी सभा आटोपली, अहवाल "वाचला असे समजून" कायम झाला, चहा-बिस्किटे झाली, आणि अहवालाची छापील प्रत घरी आली ती त्यानंतर तीन आठवड्यांनी. तोवर मी आणि माझ्यासारखे शंभरजण हात वर करून बसलो होतो. तक्रार केली तर चिटणीस म्हणाले, "मास्तर, आकडे काय पळून जाणार आहेत?" आकडे पळत नाहीत हे खरे. पळते ती विचारण्याची वेळ. महाराष्ट्राचा १९६० चा सहकार कायदा सांगतो की वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत वार्षिक सभा घ्या, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत. तारीख आहे म्हणून निदान ओरडता तरी येते. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा पाहा. कार्यालयांनी आपण होऊन माहिती प्रसिद्ध करावी म्हणून त्यात १२० दिवसांची मुदत घातली. पण माहिती आयोगाच्या स्वतःच्या वार्षिक अहवालाची वेळ आली, तेव्हा वर्ष संपल्यावर 'शक्य तितक्या लवकर', एवढ्यावरच काम भागवले. शक्य तितक्या लवकर! माझ्या वर्गातली मुले गृहपाठाबद्दल हेच म्हणतात.

आयकॅनच्या घटनेत मात्र आकडा आहे, आणि न्याय करायचा तर तो सांगितला पाहिजे. दरसाल अहवाल प्रसिद्ध करायचा. त्यात तपासलेला हिशेब हवा, आणि संचालकांना दिलेले पैसे व त्यांच्या खर्चाची भरपाईही हवी. वर्ष संपल्यापासून १२० दिवसांत तो तयार होऊन संचालकांच्या हाती गेला पाहिजे. त्यांचे वर्ष संपते ३० जूनला. म्हणजे ही मुदत भरते ऑक्टोबरच्या अखेरीस, आपल्या दिवाळीच्या आगेमागे.

उशिराने काय बिघडते ते २०१९ साली दिसले. '.ऑर्ग' हे आडनाव जगभरच्या सेवाभावी संस्था वापरतात, आपल्याकडची कितीतरी मंडळे आणि वाचनालयेही त्यांत आली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात बातमी आली की ही वही सांभाळणारी संस्था तिच्या मालक-संस्थेने एका खाजगी भांडवलदार कंपनीला विकायला काढली आहे. आडनाव वापरणाऱ्यांना आधी कोणी विचारले नव्हते. किंमतसुद्धा पहिल्या दिवशी सांगितली नाही. ती मागाहून कळली, ११३ कोटी ५० लाख डॉलर! जगभर ओरड झाली, कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी आक्षेपाचे पत्र धाडले, आणि अखेर ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने संमती नाकारली. लोकांना वेळेवर कळले म्हणून व्यवहार मोडला. हीच गोष्ट वर्षाने एखाद्या जाड अहवालाच्या नव्वदाव्या पानावर तळटीप होऊन आली असती, तर?

आफ्रिका खंडाच्या आकडी पत्त्यांची वही ज्या संस्थेकडे आहे तिची कथा ह्याहून वाईट. नोंदीतले लक्षावधी पत्ते परस्पर भलत्यांच्या नावावर चढले होते, हे २०१९ साली उघडकीस आले. पुढे कोर्टकज्जे लागले, संचालक मंडळ पुरेसे उरले नाही, २०२३ साली न्यायालयाला रिसीव्हर नेमावा लागला, आणि नवे मंडळ निवडून यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. सातबाऱ्यावर परस्पर चढलेली नावे आपण पाहिली आहेत. त्यात नवल एवढेच, की हे तलाठी सुटाबुटातले आणि संगणकावर बसलेले!

आता कोणी म्हणेल, हे सारे दूरचे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मुरुड-श्रीवर्धनकडच्या माणसाला तसे म्हणून दाखवा. माड-पोफळी झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले, फोन मुके झाले, आणि त्याच महिन्यात शाळा फोनवर भरणार होती. ज्या वस्तूवाचून लेकरांचे शिक्षण अडते, मुंबईला असलेल्या मुलाला आईची खुशाली कळत नाही, तिची वही आपल्यापासून दूर आहे असे मी कसे म्हणू?

एक सावधगिरी मात्र हवी. पाचशे पानांचा इंग्रजी अहवाल तोंडावर फेकणे हीदेखील लपवण्याचीच एक तऱ्हा आहे. आमच्या गावच्या कोळणीला विचारा; बर्फाखाली मासळी दडवली की ती ताजी का शिळी हे कसे ओळखणार? म्हणून माझे मागणे '.भारत'च्या वहीपुरते आणि अगदी थोडे आहे. निक्सीने दर वर्षी एक ठरलेली तारीख आधी जाहीर करावी; ३० सप्टेंबर मला चालेल, पतसंस्थांना चालते तर त्यांनाही चालावी. त्या तारखेला देवनागरीत किती नावे नोंदली गेली, मराठीतली किती, किती बंद पडली, पैसा किती आला, कशावर गेला आणि संचालकांवर किती खर्चला, हे साध्या मराठीत छापावे. उशीर झाला तर का झाला तेही त्याच पानावर लिहावे. पाने चार भरली तरी पुरे. चारच असतील तर आमच्या वाचनालयातली म्हातारी मंडळीसुद्धा ती वाचतील आणि पाचव्या पानावर स्वतःचे प्रश्न लिहून धाडतील.